कमाल पात्रता : बारावी

मुलुंड (पूर्व)
१६ सप्टेंबर २०२४

प्रांजल,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, इन्स्टावरही केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

आई काल गावाहून आली. गणपतीत मामाकडे, तुमच्या घरी, माझं नाव निघालं तेव्हा तू ताटावरून उठून गेलीस म्हणे. आईला वाटतंय, आपलं साडीबिडीवरून काहीतरी वाजलं असेल. मी तिचा गैरसमज तसाच राहू दिला. मी या वर्षी आले नाही कारण सुट्टी मिळाली नाही. (कॉलेजला गणपतीची सुट्टी असते हे तुला ठाऊक आहे, तेव्हा हे वाक्य सोडून दे.)

मी चोरी केलेली नाही. जागा लॅब अटेंडंटची. जाहिरात तू मला दाखवलीस, हे खरं. पण अर्ज दोघींनी केला, मुलाखत दोघींची झाली. निवड यादीत माझं नाव लागलं आणि प्रतीक्षा यादीत तुझं पहिलं. यात मी तुला कुठे ढकललं?

हो, जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं : किमान दहावी, कमाल बारावी, पदवीधरांनी अर्ज करू नये. संस्थेचं म्हणणं असं की पदवीधर माणूस टिकत नाही, आणि टिकलाच तर बाटल्या धूत नाही. मी एम.एस्सी. आहे, केमिस्ट्रीत, फर्स्ट क्लास, आणि मी टिकले आहे आणि बाटल्याही धुते आहे. त्यासाठी शिक्षणाच्या रकान्यात फक्त ‘बारावी’ लिहिलं आणि ‘वरील माहिती खरी आहे’च्या खाली सही केली. एवढंच.

तीन वर्षं, प्रांजल. अंधेरीच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत म्हणाले, अनुभव नाही. तिथेच दुसऱ्या गाळ्यात पॅकिंगच्या सुपरवायझरची जागा होती, तिथे म्हणाले, तुम्ही फार शिकलेल्या आहात, महिन्यात सोडून जाल. एका दारात कमी पडायचं आणि शेजारच्या दारात जास्त व्हायचं. घरी येऊन आईला सांगायचं, कळवतो म्हणालेत. तीन वर्षांत मला कोणी काही कळवलं नाही.

आता एकच मागणं. आईला आणि गावाकडे अख्ख्या आंबेखोलला वाटतं की मी कॉलेजात प्रोफेसर आहे. मी तसं कधीही म्हटलेलं नाही. ‘कॉलेजात लागले, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये’ एवढंच म्हटलं, पुढचं आईने आपल्या मनाने भरलं. कॉलेजला वाटतं, मी बारावी. घरी एक पायरी वर, कॉलेजात दोन पायऱ्या खाली. मधली खरी मी फक्त तुला माहीत आहे. कोणाला सांगू नकोस.

श्रुतिका


मुलुंड
२४ नोव्हेंबर २०२४

प्रांजल,

उत्तर नाही. ठीक. मला बोलायला दुसरं कोणी नाही, तेव्हा सहन कर.

मुलं मला ‘मावशी’ म्हणतात. अठ्ठावीस वर्षांची मावशी. सकाळी साडेसातला लॅब उघडायची, बर्नरच्या नळ्या बघायच्या, प्रत्येक टेबलावर ब्युरेट लावायची. दोन बॅचेस झाल्या की ढीगभर काच बेसिनमध्ये. हातांची कातडी सोलून निघाली आहे. आईला सांगितलं, रिसर्च चालू आहे.

काम जड नाही गं. गप्प बसणं जड आहे. परवा निधी नावाच्या मुलीने फ्लास्क माझ्यासमोर धरला आणि विचारलं, मावशी, गुलाबी झाला, बरोबर आहे ना? रंग जांभळाच व्हायचा बाकी होता. चार-पाच थेंब जास्त पडले होते. मी म्हटलं, मला काय कळतंय, सरांना विचार.

सर म्हणजे हर्षद सर. एम.एस्सी., नेट पास, सहा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. सकाळी इथे, दुपारी घाटकोपरच्या कॉलेजात. कायम धावत असतात. त्या दिवशी धांदलीत त्यांनी ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण केलं आणि पावडर दुप्पट टाकली. मी शेजारी उभी होते. तराजूवरचा आकडा मला दिसला, कळला, जिभेवर आला आणि मी तो गिळला. बारावीच्या बाईला ते कळायला नको. सगळ्या बॅचची रीडिंग्ज चुकली, सर मुलांवर ओरडले. ते चहाला गेल्यावर मी अर्धं द्रावण काढून त्यात मापून पाणी घातलं. दुसऱ्या बॅचचं सगळं बरोबर आलं. सर म्हणाले, “मावशी, बघा, नशीब असतं एकेका बॅचचं.”

मी मान हलवली. मग स्टोअरमध्ये जाऊन रडले. कशासाठी ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही.

भांडुपला तुमच्या खोलीत बसून मी तुझं डोकं खायचे, आठवतं? निदान बी.ए. तरी कर गं, बारावीवर या जगात काही होत नाही. तू तेव्हा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेस्ट ट्यूब धूत होतीस. तू म्हणायचीस, आधी तू शिकून काय दिवे लावतेस ते बघू दे. बघितलेस?

ती तुझी लॅब बंद पडली तेव्हा मी भेटायला यायला हवं होतं. आता तू काजूच्या फॅक्टरीत बिया सोलतेस असं मामी म्हणाली. चिकाने हात काळे होतात ना? आपल्या दोघींचेही हात गेले.

श्रुतिका


मुलुंड
१२ जानेवारी २०२५

प्रांजल,

वाट लागली.

आपल्या आंबेखोल ग्रामविकास मंडळाचा गुणगौरव २६ जानेवारीला भांडुपच्या शाळेत आहे. दरवर्षीसारखाच : सत्यनारायण, हळदीकुंकू, शिकलेल्या पोरांना ट्रॉफी आणि स्मरणिकेत फोटो. आईने दिवाळीतच माझी मार्कशीट मंडळाच्या अध्यक्षांना, भाऊरावांना, नेऊन दिली, मला न विचारता. मी एम.एस्सी. झाले त्या वर्षी करोनामुळे कार्यक्रम झाला नव्हता, ते तिच्या मनात राहून गेलं होतं. काल स्मरणिका घरी आली. पान सात. काळा गाऊन घातलेली मी. खाली ‘कु. श्रुतिका, एम.एस्सी. रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी’.

ते चाललं असतं. आंबेखोलची स्मरणिका आंबेखोलच्या माणसांशिवाय कोण वाचतं? पण भाऊरावांच्या नातवाला आमच्या कॉलेजात ॲडमिशन हवी आहे. म्हणून त्यांनी या वर्षी प्रमुख पाहुणे कोणाला बोलावलंय, सांग. आमचे प्राचार्य श्यामकांत सर! ट्रॉफी त्यांच्या हातून. मी रोज त्यांच्या केबिनबाहेर पाण्याचा जार बदलते.

आईला म्हटलं, नाव काढून घे. ती म्हणाली, “कित्याक? लाज वाटता काय शिकल्याची?” काय सांगू मी तिला?

तू हसत असशील. हस. तुझा हक्क आहे.

श्रु


मुलुंड
२ फेब्रुवारी २०२५

प्रांजल,

मी गेले नाही. ताप आल्याचं सांगून झोपून राहिले. मला वाटलं, नाव पुकारतील, कोणी उठणार नाही, पुढचं नाव घेतील. माझ्याच आईला मी अठ्ठावीस वर्षांत ओळखलं नाही. ती स्वतः स्टेजवर गेली. माझ्या वतीने ट्रॉफी घेतली, आणि घेता घेता श्यामकांत सरांना म्हणाली, “सर, माझा चेडू तुमच्याच कॉलेजात प्रोफेसर आसा!”

हे तिने मला घरी येऊन हसत हसत सांगितलं. सर काय म्हणाले, विचारलं. “काय साधो माणूस! माका म्हणालो, हो का, छान. उद्या मला भेटायला सांगा.” ट्रॉफी फ्रिजवर ठेवली आहे. दूध काढताना दिसते.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. टेबलावर स्मरणिका, पान सात उघडलेलं. सर म्हणाले, बस. मला तिथे कोणी बस म्हटलेलं नव्हतं. मला वाटलं, दहा मिनिटांत मी रस्त्यावर असेन. भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “खोटं घोषणापत्र आहे हे. तक्रार केली तर तुझं पुढचं सगळं संपेल. पण मला तक्रार करायची नाही. तू फर्स्ट क्लास आहेस, तुझा उपयोग व्हायला हवा. उद्यापासून पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स तू घे. हजेरी अटेंडंटचीच राहील. वर्गाच्या रजिस्टरवर सही दुसरं कोणीतरी करेल.”

आणि त्यांनी मला पांढरा कोट दिला.

खरं सांगू? मला आनंद झाला. लाज वाटेल इतका आनंद झाला. निधीने पुन्हा फ्लास्क धरला तेव्हा मी म्हटलं, जास्त झालं, ओतून टाक, परत कर, शेवटी एकेक थेंब सोड. मुलांना सांगितलंय की मावशींचं शिक्षण झालेलं होतं, घरच्या अडचणीमुळे या कामाला लागल्या. आता ती मला सकाळी मॅडम म्हणतात. बारा वाजता मी कोट खुंटीला लावते आणि त्यांनीच खरकटी केलेली काच धुवायला घेते.

नाही म्हणायची सोय नाही हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. एवढी मी शिकवायला आसुसलेली होते.

श्रुतिका


मुलुंड
२० एप्रिल २०२५

प्रांजल,

हर्षद सरांचे तास गेले.

आधी कमी झाले, मग परीक्षेनंतर संपलेच. प्राचार्यांनी त्यांना सांगितलं, पुढच्या वर्षी गरज नाही, अंतर्गत सोय झाली आहे. अंतर्गत सोय म्हणजे मी. मी फुकट पडते. तुझ्या जागेवर बसून तुला घालवलं आणि आता त्यांचं काम करून त्यांना घालवलं. खुर्ची एक, माझ्यापायी उठून गेलेली माणसं दोन, आणि मलाही तिच्यावर नीट बसता येत नाही.

काल ते आपला कप आणि पुस्तकं न्यायला आले. मी बेसिनशी होते. म्हणाले, “मॅडम, ते ऑक्झॅलिकचं द्रावण नोव्हेंबरात तुम्हीच नीट केलं होतं ना? मला नंतर लक्षात आलं.” त्यांनी बेसिनमधल्या काचेकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “अटेंडंटची जागा निघाली तर कळवा हां.” हसले, पण प्रांजल, ती थट्टा नव्हती. त्यांना दोन वर्षांची मुलगी आहे.

आता ते सांगते जे पहिल्या पत्रात लपवलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी तू मला काच धुवायला शिकवलंस. एम.एस्सी. होईपर्यंत मी एकही बाटली नीट धुतली नव्हती, ते काम आमच्याकडे अटेंडंट करायचे. तू म्हणालीस, साबणाने चकाकी येते, त्यावर जायचं नाही. शेवटी साधं पाणी सोडायचं आणि बघायचं. पाणी थेंब थेंब होऊन चिकटलं तर काच अजून घाण आहे. पातळ पदर होऊन सरळ सरकलं तर स्वच्छ. चार वर्षं रोज करून तुला ते कळलं होतं.

मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न आला, काच स्वच्छ झाली हे कसं ओळखाल? मी तुझं उत्तर दिलं. तुझ्या शब्दांत, तुझ्यासारखा हात करून. समितीतले एक जण खूष होऊन म्हणाले, अनुभवी दिसता. माझ्यानंतर तू आत गेलीस. तुला तोच प्रश्न विचारला असणार आणि तू तेच सांगितलं असणार. त्यांना वाटलं असेल, ही बाहेर पहिलीचं ऐकून आली.

बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा पडला होता. मी विचारलं, कसं गेलं? मी विचारलं, प्रांजल. मला लाज वाटली नाही.

श्रुतिका


मुलुंड
१५ जून २०२५

प्रांजल,

हे पत्र नीट वाच, यात काम आहे.

प्रतीक्षा यादी ३० जूनपर्यंतच चालते. त्यानंतर जागा रिकामी झाली तर नवी जाहिरात निघेल, आणि माझ्यासारखे पन्नास जण डिग्र्या घरी ठेवून रांगेत उभे राहतील. त्याआधी रिकामी झाली तर पत्र तुलाच येणार. म्हणून मी काल राजीनामा दिला.

प्राचार्यांना वाटलं, मी घाबरवायला करते आहे. म्हणाले, घोषणापत्राचं विसरलीस का? मी म्हटलं, “करा तक्रार. मग प्रॅक्टिकलच्या रजिस्टरवर कोणाच्या सह्या आहेत तेही निघेल.” त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग राजीनाम्यावर सही केली. मी विचारलं, यादीतल्या पुढच्या उमेदवाराला पत्र जाईल ना? म्हणाले, जाईल. कोण आहे? म्हटलं, माझी मामेबहीण.

“ती तरी खरंच बारावी आहे ना?”

“शंभर टक्के,” मी म्हटलं. वर्षभरात त्या केबिनमध्ये मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आईलाही सांगून टाकलं. ती फ्रिजकडे बघत बसली. मग म्हणाली, “मगे माका सांगूक काय झाला?” तेवढंच. संध्याकाळी माझ्या हातांना खोबरेल लावून दिलं आणि लावताना रडली. ट्रॉफी काही तिने हलवली नाही.

मी आता परत रिकामी. त्याचं तुझ्यावर ओझं नको, मी हे तुझ्यासाठी जेवढं केलं तेवढंच त्या केबिनमधून सुटण्यासाठीही केलं. तू दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं घेऊन ये. बेसिनजवळची खिडकी उघडी ठेवत जा. तिसऱ्या टेबलाचा नळ गळतो.

श्रुतिका


मुलुंड
२२ जून २०२५

प्रांजल,

आज सकाळी मामीचा आईला फोन आला. तुझा निकाल लागला. मुक्त विद्यापीठातून बी.ए., फर्स्ट क्लास. तीन वर्षं तू कोणाला कळू दिलं नाहीस, परीक्षेला कणकवलीला जायचीस तेव्हा घरी बाजाराला जाते म्हणून सांगायचीस. मामी म्हणाली, मार्कशीट मंडळाकडे पाठवते, पुढच्या गुणगौरवात प्रांजलचं नाव यायला हवं.

आई मला पेढा द्यायला आली. मी पेढा हातात धरून उभी.

अर्ज केलास तेव्हा तू बारावीच होतीस, खोटं काही लिहिलं नव्हतंस. पण रुजू होताना तो फॉर्म परत भरून घेतात. तोच रकाना, तीच सही. माझा राजीनामा मंजूर झालाय, तो आता परत येत नाही. ३० तारखेला आठ दिवस आहेत.

निदान बी.ए. तरी कर, असं मीच सांगितलं होतं ना तुला? दुसरं कोणी सांगितलं असतं तर मी आज त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

अभिनंदन. मनापासून. काय करायचं ते मला सुचत नाही.

श्रुतिका


भांडुप
६ जुलै २०२५

ताई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. एकही फाडलं नाही.

तुला ब्लॉक केलं ते डिग्री लपवलीस म्हणून नाही. पोट सगळ्यांनाच आहे. त्या मुलाखतीच्या खोलीचं दार पातळ होतं. माझं उत्तर तुझ्या तोंडून मी बाहेर बाकावर बसून ऐकलं. मग आत जाऊन काय बोलणार? मला येत नाही, असं सांगितलं. प्रतीक्षा यादीत तरी नाव लागलं, हेच नशीब. तू वर्षभर लिहीत होतीस आणि मी वाट बघत होते, हे कधी कबूल करतेस त्याची. एप्रिलमध्ये केलंस. तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण परीक्षा जवळ होती.

मी २७ जूनला रुजू झाले. भांडुपला मैत्रिणीकडे राहते. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, टायपिंग येतं? नाही म्हटलं. कॉम्प्युटर? नाही. इंग्रजी वाचता येतं? अक्षरं लावते म्हटलं. “बरं झालं, तू खरी आहेस,” म्हणाले.

तिसऱ्या टेबलाचा नळ दुरुस्त करून घेतला. तुझी धुतलेली काच बघितली. पाणी सोडून पाहिलं, सरळ सरकलं. शिकलीस.

गावाहून निघण्याआधी आईकडून मार्कशीट परत घेतली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आत्याला सांग, भाऊरावांच्या यादीत माझं नाव गेलं असेल तर काढायला लाव, माझा फोटो छापायचा नाही.

रकान्यात मी बारावी लिहिलं आहे. कोणाला सांगू नकोस.

प्रांजल